ग्रेव्ही बाजूला

सॉल्टफोर्क, टेक्सस
६ मार्च १९८४

प्रिय नेडीन,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या मिनेसोटात अजून कमरेएवढा बर्फ आहे आणि फावड्याने वाट काढता काढता तुझ्या आर्विडची पाठ धरली, हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे वारा सुटलाय, दातांत धूळ येते. म्हणजे सगळं ठीक.

बातमी मात्र वाईट आहे. ओलीटा आपलं कॅफे विकतेय.

शनिवारी सकाळी मी ऑफिस उघडलं, सवयीने समोर बघितलं, तर कॅफेच्या काचेवर पुठ्ठा: 'विकणे आहे.' अक्षर ओलीटाचंच.

तुला माहीत आहे, माझ्या बोअरच्या ऑफिसात घड्याळ नाही. कधी लागलंच नाही. रस्त्यापलीकडे ओलीटाने स्टेक ठेचायला घेतला की समजायचं, दहा वाजले. हातोडी एका तालात पडली तर बाई खुशीत. दोन ठोके जोरात आणि तिसरा फुसका पडला तर अंडीवाल्याशी वाजलेलं आहे. अगं, मी सगळा धंदा या दोन कानांवर उभा केला. ड्रिल खडकात आहे की वाळूत, पाणी गोडं लागणार की खारं, हे मी ट्रकला टेकून डोळे मिटून सांगतो. तर शनिवारपासून ती हातोडी नुसती पडतेय. दुसऱ्याच्या घरचं काम उरकावं तशी.

लबकहून कोट घातलेला एक गृहस्थ येऊन जागा बघून गेला. त्याच्या खानावळी गावोगाव आहेत. तिथे स्टेक आधीच मैदा लावून, गोठवून, ट्रकमधून येतो म्हणे. मला मोठ्या अभिमानाने म्हणाला, "कुठेही जा साहेब, चव अगदी सारखी." मी म्हटलं, "दाढदुखीसुद्धा कुठेही सारखीच असते."

कॅफेत आम्ही रोज थापा मारत बसतो त्या 'लबाडांच्या टेबलावर' सुतक पडलंय. व्हर्ल स्टबलफील्ड, तोच तो ट्रॅक्टर विकणारा मेथडिस्ट, मला विचारतो, "हॉलिस, आता दुपारचं जेवायला जायचं कुठे? घरी?"

"हळू बोल. तुझी बायको ऐकेल."

"म्हणून तर रडू येतंय."

मी ओलीटाला सरळ विचारलं. मनगट दुखतं का? फोर्ट वर्थची मुलगी बोलावतेय का? तर म्हणाली, "कधी थांबायचं ते माणसाला कळावं, हॉलिस." आणि तवा घासायला आत निघून गेली. तवा स्वच्छच होता.

शाळेत तुम्ही दोघी एका बाकावर बसलात. तू तिला लिही. बायका बायकांना सांगतात. मला काळजी फक्त स्टेकची आहे.

तुझा थोरला भाऊ,
हॉलिस

*

नॉर्डहाइम, मिनेसोटा
१२ मार्च

प्रिय बब्बा,

तुला काळजी फक्त स्टेकची आहे हे वाचून मी आर्विडला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आर्विड वर्षातून दोनदा हसतो. त्यातलं एक हसू संपलं. अरे, पत्रभर ओलीटा हसली कशी, रुसली कशी, हातोडी कशी मारते, आणि स्टेक बिचारा कोपऱ्यात उभा!

स्टेकचं दुःख मला सांगू नकोस. मागच्या महिन्यात इथल्या चर्चच्या बायकांसाठी मी चिकन-फ्राइड स्टेक केला. गाईचं मांस ठेचलं, मैद्यात घोळवलं, ताकात बुडवलं, पुन्हा मैद्यात. आईचा बिडाचा तवा काढला आणि कोंबडी तळतात तसं ते तळलं. एकीने सुरीने कापून आत बघितलं आणि विचारलं, "मिसेस टोर्गेसन, यातली कोंबडी कुठे गेली?" दुसरीने घरून आणलेली तपकिरी ग्रेव्ही त्यावर ओतली. तपकिरी, बब्बा! आपली पांढरी, दुधाची सोडून! मी 'कॉफी बघते' म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून उभी राहिले. तेव्हा तिथे तुम्ही जिवंत माणसं ओलीटाचं कॅफे लबकच्या कोटाच्या खिशात जाऊ देताय, हे मला सांगू नका.

आता मुद्द्याचं. ओलीटाला मी पहिलीपासून ओळखते. ती मनगटासाठी दुकान बंद करणार नाही. नवऱ्याच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी तिने तवा चढवला होता, 'माणसं जेवायची थांबतात का' म्हणून. मुलीसाठीही नाही, मुलीकडे ती दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी जावयाला सुरी कशी धरायची ते शिकवते, आणि चौथ्या दिवशी तिला बसमध्ये बसवतात. तिला कोणीतरी काहीतरी बोललंय.

पुठ्ठा शनिवारी लागला. शुक्रवारी काय झालं?

नेडीन

*

सॉल्टफोर्क
१७ मार्च

प्रिय नेडीन,

शुक्रवारी काही झालं नाही.

मी डोक्याला ताण देऊन आठवलं. सकाळी अ‍ॅबिलीनला एक काम होतं, ते उरकून आलो. सव्वाअकराला कॅफेत गेलो. तुला रीत माहीत आहे. पहिलं ताट माझं. मी पहिला घास घेतो, मान डोलावतो, मग टेबलावरचे बाकीचे मागवतात. का, कधीपासून, देव जाणे. बहुतेक मी खाऱ्या पाण्याची बोअर चाखून सांगतो तेव्हापासून.

तर तसंच झालं. कोणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. हवेवर बोललो, कापसावर बोललो. व्हर्लने त्याची ती कासवाची गोष्ट पुन्हा सांगितली. ओलीटा ताट घेऊन आली, दुसऱ्या हातात ग्रेव्हीचा डाव. मी फक्त म्हटलं, आज ग्रेव्ही बाजूला दे, वाटीत.

ती म्हणाली, "बाजूला?"

मी म्हटलं, "बाजूला."

एवढंच. बदल म्हणून. डॅलसला माझ्या मुलाकडे गेलो होतो तेव्हा तिथे सगळे तसंच मागत होते, कोणी पोलीस बोलावले नाहीत. मग व्हर्ल माझ्याकडे बघून म्हणाला, "मलाही बाजूला." मग टेबलावरचा हॉइट म्हणाला, मग त्याच्या शेजारचा. मला वाटलं, थट्टा चाललीय. वाट्या तशाच भरलेल्या परत गेल्या, कारण खरं सांगायचं तर वाटीतून ग्रेव्ही कशी खायची हे आमच्यात कोणालाच ठाऊक नाही. बुडवायची की ओतायची?

तर असा शुक्रवार. मला वाटतं मनगटच असावं.

लबकचा कोट नऊ एप्रिलला, सोमवारी, सह्या करायला येतोय.

हॉलिस

*

नॉर्डहाइम
२२ मार्च

अरे गाढवा!

गाढव रागावेल म्हणून हा शब्द मी आधी खोडला होता, पण दुसरा सापडला नाही.

तू. पहिलं ताट खाणारा तू. भर दुपारी, भरलेल्या कॅफेत, तिच्या हातात डाव असताना 'बाजूला' म्हणालास? अरे, आपल्याकडे ग्रेव्ही बाजूला कोण मागतं? ज्याला ती जळकी लागली तो, नाहीतर ज्याला तिच्यात माशी दिसली तो. आपल्या आत्याने नव्या सुनेच्या हातची ग्रेव्ही बाजूला मागितली, तर ती सून पुढची तीन वर्षं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आपल्या घराकडे फिरकली नाही. आणि व्हर्ल, हॉइट थट्टा करत नव्हते. त्यांना वाटलं हॉलिसला काहीतरी कळलंय. तू विहिरीचं पाणी थुंकलास की अख्खं गाव ती विहीर सोडतं, तसं!

विचार कर. ती बाई पहाटे उठते, मांस ठेचते, तळते, तव्यातल्या खरवडीत मैदा भाजते, दूध घालते, मिरे घालते, ढवळत उभी राहते. आणि भरलेल्या वाट्या एकामागून एक मोरीत ओतते. मग काय लिहील ती पुठ्ठ्यावर?

डॅलसचं कौतुक मला सांगू नकोस. तुझ्याकडे चार ट्रक झाले, मुलगा काचेच्या इमारतीत बसतो, म्हणून आता ओलीटाची ग्रेव्ही तुझ्या सदऱ्यावर सांडायला नको झाली, होय ना? ज्युएल वहिनी आज असती तर तुझा कान धरून तुला त्या कॅफेत घेऊन गेली असती. मला कान धरायला इथून हात पुरत नाही.

माफी माग. आणि मागल्या दाराने नाही.

नेडीन

*

सॉल्टफोर्क
२६ मार्च

नेडीन,

तुझं पत्र ट्रकमध्ये बसून वाचलं. बराच वेळ इंजिन चालू करायचं सुचलं नाही.

गाढव बरोबर आहे. डॅलस बरोबर नाही.

अ‍ॅबिलीनचं जे काम म्हणालो ते हृदयाच्या डॉक्टरकडे होतं. हिवाळाभर जिना चढताना छातीवर कोणी बसल्यासारखं वाटायचं. डॉक्टर पोरगेला आहे, हात मात्र थंडगार. त्याने फिल्म दिव्यासमोर धरली आणि मला समजावू लागला. मी म्हटलं, "थांब बाळा, मला कळलं." खाऱ्या पाण्याचा जुना पाइप उपसून काढला की आतून जसा दिसतो, तसं होतं ते. क्षार साचून साचून मध्ये बोटभर वाट. आयुष्यभर लोकांचे पाइप साफ केले, आणि माझा हा असा.

गोळ्या दिल्यात. चालायला सांगितलंय. स्टेक आठवड्यातून एकदा, तोही अर्धा, आणि ग्रेव्ही 'नावापुरती' म्हणाला. नावापुरती ग्रेव्ही म्हणजे काय हे अ‍ॅबिलीनपासून सॉल्टफोर्कपर्यंत मी विचार करत आलो आणि तेच तोंडातून बाहेर पडलं. बाजूला.

तिथल्या तिथे खरं सांगता आलं असतं. पण ज्युएलच्या आजारपणात गाव माझ्याकडे कसं बघायचं ते मला आठवतं. व्हर्लसुद्धा चेष्टा करेनासा झाला होता. सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसे बोलायचे. एकटी ओलीटा तेवढी नेहमीसारखी होती. ताट आदळायची आणि म्हणायची, "खा, नाहीतर पैसे दुप्पट." तिने माझ्याकडे त्या दुसऱ्या नजरेने बघितलं असतं तर ते मला सोसलं नसतं. बस, एवढंच.

आता तर ती माझ्याकडे बघतच नाही. ताट ठेवते, वाटी ठेवते, जाते. मी वाटी मागत नाही तरी ती रोज येते. मी तिला जेव्हा जेव्हा काही सांगायला जातो, तिचं काहीतरी करपतं.

लबाडांच्या टेबलावर मी दूधवाल्याचं कुजबुजणंसुद्धा ऐकतो. आणि 'बाजूला?' या तिच्या एका शब्दात काय मोडलं, ते मला ऐकू आलं नाही.

हॉलिस

*

नॉर्डहाइम
३० मार्च

प्रिय, प्रिय बब्बा,

मी बोलले ते सगळं मागे घेते. गाढव सोडून.

तुझं पत्र आर्विडने वाचलं आणि न सांगता फोनची वही आणून दिली. मी फोन करणार नाही. केला तर रडेन, आणि तू म्हणशील लाइन खराब आहे. गोळ्या घे. चाल. मी जूनमध्ये येतेय, तोवर जिवंत राहा, हा हुकूम आहे.

आता ऐक. रविवारी चर्च सुटलं की अख्खं गाव कॅफेत असतं. कोट सह्या करायला येण्याच्या आदल्या रविवारी जा, सगळ्यांसमोर उभा राहा आणि खरं सांग. अपमान भरल्या कॅफेत झालाय, भरपाईही तिथेच. कीव करते की नाही ते तिचं ती बघेल. तिच्या वतीने तू आधीच घाबरू नकोस.

आणि आपल्या चर्चच्या ब्रदर यूलला सांग, त्या दिवशी प्रवचन आवरतं घे. त्यांच्या चर्चमधून सुटून मेथडिस्ट आपल्या बॅप्टिस्टांच्या आधी कॅफेत पोहोचले तर तुला स्टेकचा वाससुद्धा मिळणार नाही.

नेडीन

*

सॉल्टफोर्क
९ एप्रिल

प्रिय नेडीन,

सगळं सांगतो, क्रमाने. मध्ये पान उलटून शेवट बघू नकोस.

ब्रदर यूलला मी शनिवारीच गाठलं. म्हटलं, "पाद्रीबुवा, उद्या बारापर्यंत सोडा. एका माणसाच्या आत्म्याचा प्रश्न आहे." तो म्हणाला, "मग तर नीट वेळ घ्यायला हवा."

विषय निघाला उधळ्या मुलाचा. पोरगं घर सोडून गेलं, डुकरं राखली, परत आलं, ठीक चाललं होतं. मग बाप म्हणतो, पुष्ट वासरू कापा. नेडीन, वासराचं नाव निघताच अख्ख्या चर्चच्या पोटात एकदम गुरगुरलं, माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं आता आटपेल. मी पहिल्या बाकावरून मोठ्याने म्हटलं, "आमेन!" म्हणजे, पुरे. तर त्याचा चेहरा उजळला. ज्युएल गेल्यापासून चार वर्षांत मी चर्चमध्ये कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याला वाटलं, हॉलिस टार्पलीचं हृदय पाघळतंय. मी पुन्हा म्हटलं, "आमेन!" त्याने कोट काढला. शेवटी तो गोष्टीतल्या थोरल्या भावावर आला आणि थोरल्या भावावरून नोहाच्या तारवावर.

आम्ही पोहोचलो तेव्हा कॅफेत मुंगीला जागा नव्हती. सगळे मेथडिस्ट. व्हर्ल हनुवटीला रुमाल खोवून बसलेला. काउंटरशेजारी लबकचा कोट. एक दिवस आधीच आला होता, गर्दी मोजायला.

मी दारातच उभा राहिलो. टोपी काढली. म्हटलं, "ओलीटा, मला एक स्टेक दे. ग्रेव्ही वरून."

सगळ्यांचे काटे थांबले.

ओलीटा काउंटरमागून म्हणाली, "संपला."

"संपला?"

"बॅप्टिस्ट देवाशी फार बोलतात, हॉलिस. शेवटचा व्हर्लच्या ताटात आहे."

व्हर्लने ताटाभोवती हात घातला. "मित्रा, तुझ्यासाठी जीव देईन. हे नाही."

लोक हसले. मी पाठ केलेलं भाषण विसरलो. माझ्या भाषणात मधोमध एक स्टेक होता; मी तो खाणार आणि ते बघून तिला सगळं समजणार, असा माझा बेत. आता हातात नुसती टोपी. मग जे आलं ते बोललो. म्हटलं, "मी त्या शुक्रवारी ग्रेव्ही बाजूला मागितली. ग्रेव्हीत दोष नव्हता. दोष इथे आहे." आणि छातीवर हात ठेवला. "अ‍ॅबिलीनचा पोरगेला डॉक्टर म्हणतो, माझा पाइप बुजलाय; स्टेक अर्धा आणि ग्रेव्ही नावापुरती. ते मला तुम्हाला कोणाला सांगायचं नव्हतं. तुला तर मुळीच नाही. म्हणून मी असा वागलो, आणि ही मेंढरं माझ्यामागे वागली."

"मेंढरं?" हॉइट म्हणाला.

"तू गप, हॉइट," त्याची बायको म्हणाली. "बें कर आणि गप बस."

ओलीटाने हातातला डाव खाली ठेवला आणि आत गेली. मी म्हटलं, झालं. आता पुन्हा तवा घासणार. कोट माझ्याकडे बघून घड्याळ बघत होता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. ती रोज एक तुकडा स्वतःसाठी मागे ठेवते, सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानेच खाते; हे मला या वयात कळलं. तिने तो सुरीने मधोमध कापला. अर्धा दुसऱ्या ताटात ठेवला. मग त्या अर्ध्यावर, कोणाला न विचारता, वरून एक चमचा ग्रेव्ही घातली. डाव नाही, चमचा.

म्हणाली, "ही नावापुरती. अ‍ॅबिलीनच्या त्या पोराला सांग, ओलीटा रॅमसेला नावापुरती म्हणजे किती ते कळतं. उद्यापासून तुला शिजवलेला पाला आणि चवळी. तोंड वाकडं केलंस तर पैसे दुप्पट."

तीच नजर, नेडीन. जुनीच. कीव शोधून सापडली नाही.

मी टेबलाशी माझ्या जागेवर बसलो, मग तीही बसली. माझ्यासमोर, खुर्चीवर, एप्रनसकट. बावीस वर्षांत त्या कॅफेत ओलीटाला बसलेली कोणी पाहिली नव्हती. तिने तिच्या अर्ध्याचा घास घेतला आणि म्हणाली, "बरा झालाय की रे." मी मान डोलावली. टेबलावरच्या बाकीच्यांनी एकदम मागवलं, "आम्हालाही, ग्रेव्ही वरून!" ती न वळता म्हणाली, "संपला. आता सांगितलं ना."

कोट काउंटरवर कॉफीचे पैसे ठेवून गेला. जाताना व्हर्लने त्याला ट्रॅक्टर विकायचा प्रयत्न केला.

काचेवरचा पुठ्ठा ओलीटाने स्वतः काढला. लबाडांच्या टेबलाचा एक पाय लंगडा होता, घडी घालून त्याखाली सरकवला. टेबल आता हलत नाही. व्हर्ल म्हणतो, सवय व्हायला वेळ लागेल.

कळव आर्विडला.

हॉलिस

*

सॉल्टफोर्क
१८ एप्रिल

प्रिय नेडीन,

तुझ्या भावाने तुला सगळं लिहिलं, असं तो सांगतो. म्हणजे थोडं राहिलंच असणार.

सोमवारी सकाळी दहाच्या आधी तो मागल्या दाराशी उभा. म्हणाला, "मनगट दुखतं ना तुझं? हातोडी दे." मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" तर म्हणतो, "अंडीवाला आलेला नसला तरी तिसरा ठोका फुसका पडतो." नेडीन, माझा नवरा माझ्यासोबत तेवीस वर्षं झोपला, त्याला कधी कळलं नाही.

पहिल्या दिवशी त्याने बोअर मारल्यासारखा स्टेक ठेचला. पाट दुभंगला. आता बरं ठेचतो. डॉक्टर म्हणाला हाताला व्यायाम चांगला. समोर त्याच्या ऑफिसात माणसं थांबलेली असतात आणि साहेब इथे मैद्यात कोपरापर्यंत. व्हर्लने रस्त्यातून ओरडून विचारलं, "ओलीटा, आज हातोडी कोण मारतंय? गाणं येत नसलेला माणूस वाटतो!"

तू मला लिहिलं नाहीस, बरं केलंस. तुला उत्तर देताना मी खोटं बोलले असते. त्या शुक्रवारी मी वाट्या मोरीत ओतल्या तेव्हा बाकीच्यांचं काही वाटलं नव्हतं. एकाच वाटीचं वाटलं.

तू जूनमध्ये येतेस ते पक्कं कर. येताना चांगला झगा आण, पिवळा नको, मला पिवळा घ्यायचाय. हॉलिसला यातलं काही सांगू नकोस, कारण त्याने मला अजून विचारलेलं नाही. रोज हातोडी खाली ठेवतो, घसा खाकरतो आणि हवेवर बोलतो. अशी हवा सॉल्टफोर्कला कधी झाली नव्हती.

ग्रेव्ही वाढताना मी आजवर कोणाला विचारलं नाही. पण हे मात्र त्यानेच विचारायला हवं. तोवर त्याचा चमचा मी रोज थोडा लहान करतेय.

तुझी,
ओलीटा